इंग्रजीतील ‘रन’ आणि आपले चालणे

इंग्रजी भाषेत सर्वाधिक अर्थ असलेला शब्द कोणता, असे विचारले तर बहुतेक लोक एखादा भारदस्त, लॅटिन वळणाचा शब्द शोधू लागतात. उत्तर अगदीच साधे आहे. १९८९ साली ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाची वीस खंडांची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा हा मान ‘सेट’ या शब्दाकडे होता. त्याच्या क्रियापदरूपाचे ४३० अर्थ त्या कोशात नोंदवलेले होते. पुढे कोशाची संपूर्ण फेरतपासणी सुरू झाली, तीत ‘रन’ या क्रियापदाची नोंद पीटर गिलिव्हर या कोशकाराकडे आली, आणि सुमारे नऊ महिन्यांच्या कामानंतर तिच्यात ६४५ अर्थ भरले. हे फक्त क्रियापदाचे झाले. नामाचा हिशोब वेगळा. तीन अक्षरांच्या एका शब्दासाठी एका जाणकार माणसाचे नऊ महिने खर्ची पडावेत, ही गोष्ट मला तरी त्या आकड्याहून अधिक बोलकी वाटते.

आकड्याबद्दल मात्र थोडी सावधगिरी बाळगायला हवी. अर्थ हे काही पोत्यातील नारळ नव्हेत, की एकदा मोजले आणि संपले. ‘नदी रन होते’ आणि ‘नाक रन होते’ हे दोन अर्थ मानायचे की एकाच अर्थाची दोन उदाहरणे, हे कोशकार ठरवतो आणि त्याचा शेजारी कदाचित वेगळे ठरवील. तरीही एकाच कोशाच्या एकाच शिस्तीत मोजल्यावर ‘रन’ पुढे जातो, एवढे खरे.

तो पुढे का गेला, याचे एक कारण सायमन विंचेस्टर या लेखकाने २०११ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये मांडले होते. त्याचा आशय असा, की ‘सेट’ आणि ‘पुट’ हे बैठे, स्थितिशील शब्द आहेत, ‘रन’ हा धावपळीचा शब्द आहे आणि आपला काळच धावपळीचा आहे. हे वाचायला छान वाटते. यंत्रे आली, आगगाड्या आल्या, संगणक आले आणि त्या सर्वांना इंग्रजीने ‘रन’ लावले, हेही खोटे नाही. भाषांतराचे काम करताना या शब्दाशी माझी रोजच गाठ पडते, आणि त्या अनुभवावरून मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. यंत्रे काही एकट्या इंग्रजांच्या देशात आली नाहीत. ती फ्रान्समध्ये आली, आपल्याकडेही आली. आणि तिथे ती धावली नाहीत, चालली. इंग्रजीत जे यंत्र धावते तेच मराठीत चालते आणि फ्रेंचमध्येही चालतेच. त्यामुळे ‘रन’च्या पसाऱ्याचे मूळ विसाव्या शतकाच्या घाईत नसून त्या शब्दाच्या जन्मातच शोधायला हवे, असे माझे मत आहे.

प्राचीन इंग्रजीत या शब्दाचे एक नव्हे तर दोन पूर्वज होते. एक अकर्मक, म्हणजे स्वतः धावण्याचा, आणि दुसरा सकर्मक, म्हणजे दुसऱ्याला धावायला लावण्याचा. आपल्याकडे पळणे आणि पळवणे यांत जो फरक आहे, तोच त्या दोहोंत होता. उत्तरेकडून आलेल्या नॉर्स भाषिकांच्या शब्दांशी सरमिसळ होत होत हे दोन्ही शब्द एकाच रूपात वितळले. मराठीने आपला ‘व’ जपून ठेवल्यामुळे ‘घोडा पळतो’ आणि ‘घोडा पळवतो’ यांत आपला कधीच गोंधळ होत नाही. इंग्रजीत मात्र घोडाही ‘रन’ होतो आणि घोड्याचा मालकही घोड्याला ‘रन’ करतो. अर्थांची संख्या निम्म्याने वाढायला एवढे एक कारण पुरेसे आहे. माणूस दुकान ‘रन’ करतो, पक्ष सरकार ‘रन’ करतो, वर्तमानपत्र बातमी ‘रन’ करते, हे सारे त्या हरवलेल्या पळवण्याचे वंशज आहेत.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. ज्या जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या सामाईक पूर्वजभाषेतील, धातूपासून हा शब्द आला त्याचा संबंध केवळ पायांशी नव्हता. धावणे आणि वाहणे हे दोन्ही अर्थ त्यात जोडीने नांदत होते. जर्मन भाषेत ही जोडी आजही वेगवेगळी पाहायला मिळते: ‘रेनेन’ म्हणजे पायांनी धावणे आणि ‘रिनेन’ म्हणजे पाण्याने झिरपत, ओघळत वाहणे. इंग्रजीत दोन्ही कामे एकट्या ‘रन’वर पडली. सतराव्या शतकातल्या इंग्रजी बायबलमध्ये तेविसाव्या स्तोत्रातील भक्ताचा प्याला भरून ‘रन’ होतो, म्हणजे ओसंडून वाहतो. दुधाचे चीज करताना जे विरजणासारखे द्रव्य घालतात त्याचे ‘रेनेट’ हे नावही याच कुळातले आहे, कारण त्याने दूध एकत्र ‘धावून’ येते, म्हणजे साकळते. एकदा हा शब्द पायांचा नसून प्रवाहाचा आहे असे धरले, की पुष्कळ कोडी आपोआप सुटतात. नाक वाहते, अश्रू वाहतात, नळ वाहतो, धुताना कापडाचा रंग पसरतो, शाई फुटते, मेणबत्ती ओघळते: या सगळ्यांना इंग्रजीत ‘रन’ आहे आणि यांतील एकालाही पाय नाहीत. एखादा गुण किंवा आजार घराण्यात ‘रन’ होतो, असे इंग्रज म्हणतो तेव्हाही तो रक्ताच्या ओघाविषयीच बोलत असतो. आपण ‘रक्तातच आहे’ म्हणतो, त्यात ओघ न सांगता गृहीत धरलेला असतो.

गंमत अशी, की आपल्या धावण्याचेही मूळ असेच आहे. पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात ‘धावु गतिशुद्ध्योः’ अशी नोंद आहे. हा धातू गतीच्या अर्थी आहे आणि शुद्धीच्याही. संस्कृतात धावणे, वाहणे आणि धुणे असे तीनही व्यवहार या ध्वनीभोवती गोळा झालेले दिसतात. मराठीत आपण त्यातील फक्त पायांचे धावणे रोजच्या वापरासाठी ठेवले, पाणी ‘वाहणे’कडे सोपवले आणि शुद्धीचा अर्थ ‘दंतधावन’ या शब्दापुरता, तोही आयुर्वेदाच्या पुस्तकात आणि दंतमंजनाच्या वेष्टनावर, शिल्लक राहिला. म्हणजे दोन्ही भाषांच्या हाती साधारण सारखेच भांडवल होते. इंग्रजीने ते सर्व एका पेढीवर ठेवले, आपण वाटण्या करून घेतल्या.

प्रवाहाचा हा अर्थ नीट ठाऊक नसला म्हणजे काय घोटाळा होतो याचे सर्वांत चांगले उदाहरण ‘बुल रन’ हे आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धातील पहिली मोठी लढाई २१ जुलै १८६१ रोजी व्हर्जिनियात ‘बुल रन’ येथे झाली आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तिथेच दुसरी झाली. नाव वाचून डोळ्यांपुढे उधळलेले बैल येतात. पण तिथे ‘रन’ म्हणजे ओढा. अमेरिकेच्या पूर्व भागात छोट्या ओढ्यांना ‘रन’ म्हणण्याची प्रथा आहे आणि ‘बुल रन’ हे अशाच एका ओढ्याचे नाव आहे. उत्तरेकडील सैन्य लढायांना जवळच्या ओढ्या-नद्यांची नावे देई, तर दक्षिणेकडील सैन्य जवळच्या गावांची. म्हणून हीच लढाई दक्षिणेत ‘मनॅसस’ या नावाने ओळखली जाते. दुसरे ‘बुल रन’ स्पेनमधील पॅम्प्लोना शहरातले. दरवर्षी ६ ते १४ जुलैला तिथे सान फेर्मिनचा उत्सव होतो, तेव्हा ७ तारखेपासून रोज सकाळी अरुंद गल्ल्यांतून बैल सोडतात आणि हौशी माणसे जीव मुठीत धरून त्यांच्यापुढे पळतात. स्पॅनिश भाषेत या प्रकाराला ‘एन्सिएरो’ म्हणतात आणि त्या शब्दाचा रोख बैलांना कोंडण्याकडे आहे. धावणे हे इंग्रजीने पाहिले. आणि तिसरे ‘बुल रन’ दलाल स्ट्रीटवरचे, जे आता मराठी वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर देवनागरीतच छापले जाते. तिथे बैल म्हणजे तेजीवाला आणि ‘रन’ म्हणजे ओढाही नव्हे, शर्यतही नव्हे, तर सलग चाललेला कालखंड. एकाच जोडशब्दात ओढा, पळापळ आणि हंगाम असे तीन अर्थ बसतात, आणि तीनही ठिकाणी बैल मात्र कायम.

हा तिसरा, सलगतेचा अर्थ प्रवाहातूनच आलेला आहे. नाटकाचा ‘रन’ म्हणजे त्याचे लागोपाठ होणारे प्रयोग, पत्त्यांतला ‘रन’ म्हणजे क्रमाने लागलेली पाने, छापखान्यातला ‘रन’ म्हणजे एका दमात काढलेल्या प्रती. गिरणीतून जो माल प्रतवारी न करता जसा येईल तसा बाहेर पडतो, त्यावरून इंग्रजीत सामान्य, चारचौघांसारख्या गोष्टीला गिरणीतला ‘रन’ असे विशेषण मिळाले. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांच्या विस्तीर्ण कुरणालाही ‘रन’ म्हणतात आणि घरामागे कोंबड्यांसाठी जाळी लावून केलेल्या आवारालाही. जिथे प्राणी धावतो ती जागाही ‘रन’च. कृती, कृतीची वेळ, कृतीची जागा आणि कृतीचे फळ या चौघांना एकाच नामाने हाक मारण्याची ही इंग्रजीची सवय ‘रन’मध्ये पुरेपूर दिसते.

कृतीचे फळ म्हटल्यावर क्रिकेटला टाळता येत नाही. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये गुण मोजण्यासाठी लाकडाच्या काठीवर सुरीने खाचा पाडत असत आणि त्या खाचेच्या शब्दानेच, म्हणजे ‘नॉच’नेच, गुण ओळखला जाई. पुढे काठी गेली, कागद आला आणि मोजणीच्या खुणेऐवजी मोजलेल्या कृतीचे नाव, म्हणजे ‘रन’, रूढ झाले. मराठीने तो शब्द अर्थासकट उचलून ‘धाव’ केला आणि मग त्याचे कुटुंबच उभे राहिले: धावसंख्या, धावफलक, धावगती, धावबाद. भाषांतरित शब्द परके वाटतात अशी तक्रार नेहमी ऐकू येते, पण ‘धावबाद’ ऐकून कोणाला तो परका वाटल्याचे मी पाहिलेले नाही. आता यातला विनोद पाहा. सचिन तेंडुलकरच्या नावावर कसोटी क्रिकेटमध्ये १५,९२१ धावा आहेत आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक चौकार-षटकारांनी आलेल्या, म्हणजे धावण्याची गरज नसताना मिळालेल्या आहेत. शब्द धावण्याचा राहिला, धावणे ऐच्छिक झाले. पूर्वी जखमी फलंदाजाच्या वतीने दुसराच खेळाडू धावत असे, त्याला ‘रनर’ म्हणत. ऑक्टोबर २०११ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत ती सवलत बंद झाली. म्हणजे धावणारा एक आणि धावा दुसऱ्याच्या नावावर, ही सोयही संपली. बेसबॉलमध्ये हाच शब्द आहे, पण हिशोब निराळा: तिथे चारही तळांना फेरी पूर्ण करून घरी परतल्यावर कुठे एक ‘रन’ मिळतो. आपल्याकडे शतक झाले की टाळ्या, तिकडे एका सामन्यात एका संघाचे दहा झाले तरी पुष्कळ.

‘धाव’ हा शब्द मराठीत केवळ क्रिकेटची पाटी वाहण्यासाठी जन्मलेला नाही, हे इथे सांगायला हवे. विहिरीवर मोट असे तेव्हा बैल ज्या उतरत्या वाटेवरून दोर ओढत जात, त्या वाटेला धाव म्हणत. कोंबड्यांच्या आवाराला ‘रन’ म्हणणाऱ्या इंग्रजाला हा अर्थ तात्काळ समजला असता, मात्र एक फरक होता, की आपल्या त्या धावेवर बैल धावत नसत, तोलून-मापून पावले टाकत. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार तापवून जी लोखंडी पट्टी चढवतो तीही धावच. गोधडीला घालतात तो धावदोरा. त्याला इंग्रजीतही धावता टाकाच म्हणतात. आणि ‘धावा’ हा पुल्लिंगी शब्द तर पूर्णपणे आपला आहे. देवाचा धावा करायचा तो देवाने धावून यावे म्हणून. संकटात ‘धाव रे’ अशी हाक घालणे, मदतीला धावून जाणे, या वापरात मराठी धावण्याला आपुलकीची जी छटा आहे ती इंग्रजी ‘रन’ला सहसा नसते, तिकडे संकटात ‘रन’ म्हणजे बहुधा पाय लावून पळ काढणे. शेवटच्या षटकात पंधरा धावा हव्या असताना मराठी प्रेक्षक धावा मोजतो आणि धावाही करतो, ही कोटी कोणी ना कोणी आधी केलेली असणारच, पण मला ती सोडवत नाही.

आता चालण्याकडे येते. इंग्रजीतील ‘रन’च्या वाक्यांचे मराठीकरण करायला बसले की ‘धावणे’ फारच क्वचित उपयोगी पडते. यंत्र चालते, घड्याळ चालते, दुकान चालते, खटला चालतो, नाटक चालते, खोटे नाणे चालत नाही. संसार चालवायचा, गाडी चालवायची, संस्था चालवायची, सरकार चालवायचे. याउपर ‘चालेल’ या एका शब्दावर मराठी माणसाचा निम्मा व्यवहार चालतो. चहा चालेल का, उद्या आलो तर चालेल का, इतके तिखट चालते का. फ्रेंच भाषेत ‘मार्शे’ म्हणजे पायांनी चालणे, आणि यंत्र सुरू असले, बेत जमला, सौदा पटला की फ्रेंच माणूस ‘सा मार्श’ म्हणतो. शब्दशः ‘हे चालते’. पुण्यातील ‘चालेल’ आणि पॅरिसमधील ‘सा मार्श’ यांच्यात अर्थाचे अंतर जवळजवळ नाही. फ्रेंच माणसाची आगगाडी इंग्रजाच्या आगगाडीपेक्षा कधीच मंद नव्हती. तेव्हा यंत्रयुगाने इंग्रजीला ‘रन’ दिला हे म्हणणे उलटे आहे. इंग्रजीकडे वाहणारा, न थांबणारा असा एक शब्द तयार होता, तो यंत्रांना लागू झाला.

‘मराठीत यंत्र चालते’ हे वाक्य ऐकून इंग्रजी जाणणाऱ्यांना आपली भाषा संथ वाटते आणि ते त्यावरून राष्ट्रीय स्वभावाचे निष्कर्ष काढू लागतात. त्यांना संस्कृतातील ‘चल्’ या धातूची आठवण करून द्यावी. त्याचा मूळ रोख पायी चालण्याकडे नसून हलण्याकडे, ढळण्याकडे आहे. चंचल, चलबिचल, अचल, चलन हे शब्द पाहा. यांत पाऊल कुठेच नाही. पर्वत अचल असतो तो चालत नाही म्हणून नव्हे, ढळत नाही म्हणून. चलन हातोहात फिरते, चालत नाही. इंग्रजीने यंत्राला ओघ दिला आणि आपण त्याला हालचाल दिली, एवढेच. पाय दोघांनीही दिले नाहीत.

मॅंचेस्टर विद्यापीठात २१ जून १९४८ रोजी, स्मृतीत साठवलेल्या आज्ञांवर काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संगणकाने आपला पहिला प्रोग्राम ‘रन’ केला. त्याला ५२ मिनिटे लागली. एका संख्येचा, ती संख्या स्वतः सोडून, सर्वांत मोठा विभाजक शोधण्याचे ते काम होते. तेव्हापासून प्रोग्राम ‘रन’ होऊ लागले आणि आज हिंजवडीतील कुठल्याही कार्यालयात ‘एकदा रन करून बघ’ हे वाक्य मराठीच समजले जाते. सूचनापुस्तिकेत मात्र मी ‘चालवा’ लिहिते. ‘प्रोग्राम धाववा’ असे लिहिलेली भाषांतरे माझ्या पाहण्यात आली आहेत आणि ती यंत्राने केली असोत वा माणसाने, त्यांच्यामागे शब्दकोशातील पहिला अर्थ उचलण्याची घाई तेवढी दिसते.

राजकारणात या शब्दाने इंग्रजीचेच दोन तुकडे केले. अमेरिकेत उमेदवार पदासाठी ‘रन’ होतो, म्हणजे धावतो. ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ होतो, म्हणजे उभा राहतो. हा अमेरिकी प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. आपण लोकशाहीची परिभाषा ब्रिटिशांच्या अमलात शिकलो, त्यामुळे आपला उमेदवार निवडणुकीला उभा राहतो. पुढे दोन्ही भाषांनी आपापले चित्र ज्या निष्ठेने पूर्ण केले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत धावणे म्हणजे शर्यत, म्हणून तिथे आघाडीचा धावपटू असतो, अनपेक्षित घोडा असतो, आणि उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला ‘रनिंग मेट’ म्हणतात. हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतला आहे. त्याच तबेल्यातील मुख्य घोड्याला वेग राखता यावा म्हणून सोबत उतरवलेल्या दुसऱ्या घोड्याचे ते नाव होते. मराठीत उमेदवार उभा असल्यामुळे हरला की तो ‘पडतो’. उभे राहणे आणि पडणे, मध्ये धावण्याचा प्रश्नच येत नाही. फार तर रिंगणात उतरणे आणि शड्डू ठोकणे, पण ते आखाड्यातले. मूळचे बेळगावकडचे श्री ठाणेदार २०२२ साली मिशिगनमधून अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले. एकाच निवडणुकीत ते तिकडच्या इंग्रजीत धावले आणि इकडच्या मराठीत उभे राहिले.

बँकेवरचा ‘रन’ हा अर्थ फार जुना, सतराव्या शतकाच्या अखेरीचा. बँक बुडणार अशी कुणकुण लागली की ठेवीदार आपापले पैसे काढून घ्यायला धावतात आणि त्यांच्या धावण्यामुळेच बँक बुडते. कारण बँकेने ठेवींचा मोठा भाग कर्जाऊ दिलेला असतो आणि सर्वांना एकाच दिवशी परत देता येईल इतकी रोकड तिच्याकडे कधीच नसते. यात धावणे आणि वाहणे दोन्ही आहेत: माणसे आत धावतात, पैसा बाहेर वाहतो. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमधील नॉर्दर्न रॉक या बँकेच्या शाखांबाहेर लोक रांगा लावून उभे राहिले. ‘रन’ होता, पण माणसे जागच्या जागी होती. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेतून ९ तारखेला एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढण्याच्या मागण्या आल्या आणि दुसऱ्या दिवशी नियामकांनी ती बँक बंद केली. त्या वेळी तर रांगही नव्हती, पुष्कळसे काम फोन आणि संगणकावरूनच उरकले. तरी इंग्रजी तिला ‘रन’च म्हणते, आणि रास्तपणे म्हणते, कारण वाहायचे ते वाहिलेच. आपण अशा वेळी ‘ठेवीदारांची झुंबड’ म्हणतो. त्यात गर्दी दिसते, पण पैशाचा ओघ दिसत नाही. या एका जागी मला मराठी शब्द तोकडा वाटतो.

६४५ अर्थांचा बराच भाग ‘रन’ला मागून चिकटणाऱ्या छोट्या अव्ययांचा आहे. इन, आउट, अप, डाऊन, ओव्हर, इंटू, थ्रू यांतले एक लागले की अर्थ पालटतो. मराठीत यांचा माग काढणे व्यर्थ आहे, कारण आपण दर वेळी नवे क्रियापद वापरतो: दूध संपले, बिल फुगले, घड्याळाची चावी उतरली, कोणी अचानक भेटले, कोणाला गाडीखाली चिरडले, कोणाची निंदा केली. सगळीकडे इंग्रजीत ‘रन’ आणि मराठीत त्याचा मागमूस नाही. विद्यार्थ्यांना ही यादी पाठ करायला लावतात, पण एकेका वाक्यात गाठ पडल्याशिवाय ती अंगवळणी पडत नाही. एक वाक्प्रचार मात्र कुतूहलाचा आहे. दुतर्फा उभ्या माणसांचे फटके खात मधून जाण्याच्या शिक्षेला इंग्रजीत ‘गॉंटलेट रन करणे’ म्हणतात. ‘गॉंटलेट’ म्हणजे चिलखती हातमोजा, म्हणून लोक त्यात हातमोज्याचा संबंध शोधतात. मूळ स्वीडिश शब्द ‘गाटलोप’ आहे, ‘गाटा’ म्हणजे गल्ली आणि ‘लोप’ म्हणजे धावणे. म्हणजे त्या वाक्प्रचारात धावणे दोनदा आले आहे आणि हातमोजा एकदाही नाही.

ऑक्सफर्डच्या मोजणीत आपल्याकडचे ‘रनिंग’ कितपत आले असेल कोण जाणे, पण मराठी कोशात ते यायला हवे असे मला ठामपणे वाटते. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले आणि त्यांत बोलीतले, व्यवहारातले, परभाषेतून आलेले शब्द उदारपणे घेतलेले आहेत. त्याच वृत्तीने आज कोणी बसला तर त्याला सुतारकामाचा ‘रनिंग फूट’ नोंदवावा लागेल, म्हणजे रुंदी न मोजता केवळ लांबीवर आकारलेला फूट. ठेकेदाराचे ‘रनिंग बिल’ नोंदवावे लागेल, म्हणजे काम पुरे होण्याआधी झालेल्या कामापुरते दिलेले बिल. जुन्या गाडीच्या जाहिरातीतील ‘रनिंग कंडिशन’ घ्यावी लागेल. तिचा अर्थ गाडी चालू होते इतकाच असतो, पुढची हमी नाही. रेल्वेतले ‘रनिंग रूम’ तर अवश्य हवे. चालक आणि गार्ड (२०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’) हे रेल्वेचे ‘रनिंग स्टाफ’, आणि गाडी सोपवून झाल्यावर ते जिथे जेवतात, झोपतात, पुढच्या गाडीची वाट पाहतात, ती खोली म्हणजे रनिंग रूम. धावण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खोलीत कोणी धावत नाही.

आणि मुंबईकराचे ‘रनिंगमध्ये पकडणे’. लोकल सुटली आहे, अजून फलाटावर आहे, आणि माणूस दांडा धरून आत शिरतो. ‘रनिंगमध्ये चढू नकोस’ असे घरचे बजावतात ते याविषयी. कोशकाराला इथे एक व्याकरणाचा प्रश्न सोडवावा लागेल. या ‘रनिंगमध्ये’चा कर्ता कोण? धावते ती गाडी, की तिच्या बरोबरीने फलाटावरून पळणारा माणूस? लोक वापरतात त्यावरून मला तो गाडीचा वाटतो, कारण उतरणाराही ‘रनिंगमध्ये उतरला’ असेच सांगतो, आणि उतरण्यापूर्वी तो दारात उभाच असतो.